डाव्या बाजूची मेणबत्ती

किन्हीराजा,
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय दौलतकाका,

सप्रेम जय भीम.

मी रूपाली, उदयसिंगांची मुलगी. मेडशीच्या तुमच्या गॅरेजात जुन्या टायरवर बसून शेंगा खायची आणि टरफलं तुमच्या पान्यांच्या डब्यात टाकायची, तीच. प्रसेनजितदादाला फोन केला होता. तो म्हणाला, बाबांना आता काहीच ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला ते तयार नाहीत. पत्र पाठव, पत्र ते चार वेळा वाचतात. म्हणून हे पत्र. शाळेतून रजा काढून मी अकोल्याहून इथं आईजवळ येऊन राहिले आहे.

बाबा दिवाळीत गेले, ते तुम्हाला दादाकडून कळलंच असेल. तुम्ही नाशिकला, या वयात कुठं धावपळ करणार! त्याबद्दल मनात काही नाही. काम वेगळंच आहे. काम आहे ‘बेडकी’चं.

हो, बाबांची हिरवी बेडकी अजून गोठ्याशेजारच्या टिनाखाली उभी आहे. सत्त्याण्णव साली नागपूरच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून बाबांनी ती विलायती गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली, तेव्हा गाव हसलं होतं. दोनच माणसं बसणार, वर कापडाचं छप्पर, आणि जमिनीला टेकलेली! तुम्ही तिला जिवंत केलीत आणि बाबा पुढची सव्वीस वर्षं रोज दिवस कलला की तिच्यातून जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत जाऊन यायचे. एकटेच. आई तिच्यात एकदाच बसली, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. मी आठ वर्षांची होते, पण मला लख्ख आठवतं. पायाखालून अशी धग आली की तिची जोडवी तापली आणि बोटं भाजली. ती अर्ध्या रस्त्यात उतरून पायी घरी आली. पुन्हा बसली नाही.

आता तीच म्हणते, "मले एकडाव जऊळक्याले ने त्या गाडीत. हा माणूस रोज तिथं काय पाहाले जात होता, ते मले पाहू दे." तिचं हृदय फार अशक्त झालं आहे, काका. डॉक्टरांनी सांगितलंय, उष्णता अजिबात सोसणार नाही. चैत्र लागायच्या आत मला गाडी आतून थंड करायची आहे. वाशीमचे मेकॅनिक बॉनेट उघडून बघतात आणि बंद करतात. धग कुठून येते, ते तुम्हीच सांगा. फोटो हवे असतील तर दादाच्या मोबाइलवर पाठवते.

तुमची,
रूपाली


नाशिक,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. रूपाली,

आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र चार नाही, सात वेळा वाचलं. उदेभाऊ गेल्याचं प्रसेनजितनं पाटीवर लिहून दाखवलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, एवढंच लिहितो.

फोटो पाठवू नकोस. फोटोत धग दिसत नाही. मी सांगतो तसं कर.

बेडकीच्या पुढच्या जाळीमागं एक रुंद पाइप आहे. तो बाहेरची हवा ओढून आत पायांजवळ सोडतो. मूळचा पाइप पुठ्ठ्यासारखा असतो, तो आता कुजला असेल, त्यात उंदरांचं घर असेल. तो बदल. दुसरं, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. तिच्यातून तारा आणि केबली आत येतात. त्या भोकांमधले रबर सुकून गळून गेले असणार. इंजिनाची सगळी वाफ तिथूनच आत येते. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून बसव. तिसरं, गिअरबॉक्सवरचं झाकण काढ, खाली जाड लोकरीचा नमदा टाक आणि स्क्रू पुन्हा घट्ट कर. पान्याला जोर लावताना दम रोखू नकोस, लहानपणी रोखायचीस.

एक गोष्ट. डॅशबोर्डच्या खाली मध्यभागी एक पत्र्याची पेटी आहे. दोन रबरी नळ्या इंजिनातून तिच्यात जातात. तो इंजिनाचा दुसरा रेडिएटर आहे. त्याला हात लावू नकोस, इंजिन उकळेल.

भागिरथावहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांना उन्हात बसवू नकोस.

तुझा,
दौलतकाका


किन्हीराजा,
८ मार्च २०२४

प्रिय काका,

सप्रेम जय भीम. तुमचा अंदाज बरोबर निघाला. पाइपात उंदरांचं नुसतं घर नव्हतं, खासा संसार होता. सोयाबीनचा भुसा, बाबांच्या हातरुमालाचे तुकडे आणि माझ्या दहावीच्या हॉलतिकिटाचा कोपरासुद्धा! विहिरीच्या मोटारीचा जुना सक्शन पाइप कापून बसवला. पत्र्याच्या भिंतीत अकरा भोकं मोजली, सगळ्यांना चकत्या लावल्या. झाकणाखाली नमदा टाकला. माझी नखं बघून आई म्हणते, "तू मास्तरीण हायेस का मिस्त्री?"

ड्रायव्हरच्या बाजूला आता खरंच वारा येतो. पण डावीकडं, आई बसणार तिथं, अजून तवा तापल्यासारखं होतं.

आणि काका, तिथं एक विचित्र प्रकार सापडला. डाव्या बाजूची रबरी चटई उचलली तर खाली थरांवर थर. गोणपाट, त्याखाली पत्रा, त्याखाली काथ्या, मग पुठ्ठा, मग बुचाच्या लाकडाचा पातळ तुकडा. सगळं हातानं मापात कापलेलं. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र उघडा पत्रा. आणि त्या थरांवर, मध्येमध्ये, मेण सांडून वाळलेलं. दाराच्या कप्प्यात मेणबत्त्याही सापडल्या, चौदा. एकही सरळ नाही. सगळ्या कमरेत वाकलेल्या.

मी मूर्खासारखी त्या आईला नेऊन दाखवल्या. तिनं एकेक हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाली, "स्वताच्या पायाले काई नाई, अन् डाव्या बाजूले एवढी सोय? मंग कोणी तरी बसत होतं तिथं. मी उतरली, त्याइनं दुसरी बसोली." तिला हा संशय आजचा नाही. पहिल्यांदा चटईवर मेण पाहिलं, त्याला वीस वर्षं झाली म्हणाली. वीस वर्षं पोटात ठेवून तिनं बाबांना रोज भाकर वाढली.

मला वाटत नाही बाबा तसे होते. पण मला ठाऊक नाही, हेही खरं. तुम्ही त्यांचे जिवलग. तुम्हीच सांगा, तिथं कोण बसत होतं? आई जऊळक्याला तेच बघायला निघाली आहे, हे आता माझ्या लक्षात आलं.

तुमची,
रूपाली


नाशिक,
१५ मार्च २०२४

चि. रूपाली,

आशीर्वाद.

तिथं कोणीही बसत नव्हतं. वहिनींना तसं ठणकावून सांग. उदेभाऊ तसा माणूस नव्हता. त्या बाजूला तो बियाण्यांच्या पिशव्या ठेवायचा. बियाणं तापलं तर उगवत नाही, म्हणून थर टाकले असतील. मेणबत्त्या लाइटसाठी. तेव्हा आपल्याकडं लाइटीचा काय भरवसा होता? उन्हात राहून वाकल्या असतील.

डाव्या बाजूला इंजिनाचा सायलेन्सरचा पाइप जवळून जातो. त्याला वरून पत्र्याची ढाल लाव, पत्रा आणि पाइप यांच्यात बोटभर फट ठेव. सकाळी लवकर निघा. त्याहून जास्त काही होण्यासारखं नाही. गाडीच तशी आहे.

इथं नाशिकला अजून पहाटे गारवा असतो. माझी तब्येत बरी आहे.

दौलतकाका


किन्हीराजा,
२८ मार्च २०२४

काका,

ढाल लावली. बोटभर फट ठेवली. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मिस्त्री त्याइचाच माणूस. तो काहून सांगन?" आणि तोंड फिरवून निजली.

बावीस तारखेला सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. तिनं लग्नातल्यासारखं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बसताना खाली पायांकडं बघून म्हणाली, "आता जोडवे बी नाईत. तापाले काय उरलं?" मी हसू की रडू ते मला कळेना. मालेगावच्या फाट्याच्या पुढं गेलो आणि धग सुरू झाली. आधी तिनं लुगड्याचा काठ पायांखाली दुमडून घेतला. मग पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. मग माझा हात धरला. तिचा श्वास असा वाजत होता की मला इंजिनाचा आवाज ऐकू येईना. जऊळक्याचं स्टेशन दोन किलोमीटरवर राहिलं होतं, काका. दोनच. मी गाडी वळवली.

वाशीमला दवाखान्यात पाच दिवस होतो. काल घरी आणलं. आता ती खाटेवर उठून बसू शकत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे.

मी तुम्हाला स्पष्ट विचारते. बाबांनी त्या गाडीतून कधी बियाणं आणलं नाही, बियाणं ट्रॅक्टरवर यायचं. तुम्ही खोटं लिहिलंत. बाबांना पाठीशी घालायला लिहिलंत, तर तसं सांगा, मी सोसेन. पण आई असा संशय उराशी घेऊन जाणार असेल, तर ते मला सोसवणार नाही. जे खरं आहे ते लिहा आणि लवकर लिहा.

रूपाली


नाशिक,
२ एप्रिल २०२४

बाई रूपाली,

हे पत्र प्रसेनजितला स्पीड पोस्टानं टाकायला सांगतो आहे. हे आधी वहिनींना वाचून दाखव, मग मला शिव्या दे.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात उदेभाऊ बेडकी घेऊन अकोल्याला निघाला आणि पातूरच्या घाटात इंजिन उकळलं. मी मोटरसायकलवर गेलो. इंजिनाला एक लहान तोटी दिसली, बंद होती. ती उघडली तर गरम पाणी त्या डॅशखालच्या पेटीत फिरायला लागलं आणि मीटरचा काटा सरसर खाली आला. मला वाटलं, मी विलायतेची अक्कल ओळखली. हा दुसरा रेडिएटर, कुणी तरी चुकून बंद केलेला. पुन्हा बंद होऊ नये म्हणून मी ती तोटी जाड तारेनं बांधून टाकली. उदेभाऊनं मला खांद्यावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात वहिनींची बोटं भाजली.

ती पेटी रेडिएटर नव्हती, बाई. तो हीटर होता, आणि त्याचं तोंड डावीकडं. थंड मुलखातल्या माणसाचे पाय शेकायची शेगडी. आपल्याकडं मोटारीत शेगडी असते, हे मी कधी ऐकलंही नव्हतं. मी ट्रॅक्टर आणि जीपचा मिस्त्री. मेडशीत पाय शेकायला कोणाला शेगडी लागते? पुढच्या वर्षी आम्ही मुख्य रेडिएटर अकोल्याला साफ करून आणला, तेव्हा तारेची गरजच संपली होती. पण मी ती कधी काढली नाही.

उदेभाऊ दर उन्हाळ्यात माझ्याकडं यायचा. एकच म्हणणं. "दौलत, तिच्या पायाची आग थांबव. मंग ती बसन." मी दर वेळी म्हणायचो, गाडीच तशी हाय, भाऊ. मला येत नाही, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. मग त्यानं स्वतःच सुरू केलं. दर वेळी नवा थर टाकायचा, त्यावर मेणबत्ती उभी करायचा, वहिनींचे पाय जिथं येतील तिथं, आणि जऊळक्यापर्यंत जायचा. स्टेशनाबाहेर गाडी थांबवून वाकून बघायचा. मेणबत्ती वाकली की परत फिरायचा. दुसऱ्या दिवशी दुसरं काही. मी एकदा चिडवलं, वहिनींना सांग तरी एवढं करतो ते. तर म्हणाला, "आधी सरळ उभी राहू दे. मंग मेणबत्तीच तिच्या हातात देतो."

डाव्या बाजूला दुसरी कोणी बसत नव्हती. ती जागा सव्वीस वर्षं वहिनींचीच होती.

आता माझी लाज ऐक. तीन वर्षांपूर्वी इथं डिसेंबरात प्रसेनजितच्या गाडीत बसलो होतो. त्यानं एक लाल खुणेचं बटण फिरवलं आणि पायांवर गरम हवा आली. मी विचारलं हे काय, त्यानं पाटीवर लिहिलं, ‘हीटर’. त्या क्षणी मला सगळं कळलं. उदेभाऊ तेव्हा जिवंत होता. मी पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. त्याला काय लिहू? की तुझ्या संसारात ती शेगडी मी पेटवून ठेवली? मग तो गेला आणि मी मनातल्या मनात सुटलो. तुझं पत्र आलं तेव्हाही वाटलं, बाकीचं केलं तर भागेल. तारेचं न सांगताच भागेल. माझ्या त्या महिनाभराच्या लपवाछपवीत वहिनी खाटेला लागल्या.

इंजिनाच्या मागच्या टोकाला, डावीकडं, पितळी तोटी आहे. तार काप. तोटीवर रॉकेल सोड, तासभर थांब, मग उजवीकडं फिरव. एवढंच आहे.

दौलत


किन्हीराजा,
१४ एप्रिल २०२४

दौलतकाका,

आई मंगळवारी, पाडव्याच्या दिवशी गेली. तुमचं पत्र त्याच्या तीन दिवस आधी आलं होतं.

मी ते अंगणातच उभं राहून वाचलं आणि तुमचा असा राग आला की पत्र चुरगळून फेकलं. मग उचललं, सरळ केलं आणि आईला वाचून दाखवलं. सगळं. तुम्ही लिहिलंत तसं, एक शब्द न गाळता. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं तिला कळत नाही. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच. मेनबत्तीचं." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

मग तिनं विचारलं, "मले काहून नाई सांगतलं त्याइनं?" मी म्हटलं, सांगणार होते, आधी सरळ उभी राहू दे म्हणत होते. ती म्हणाली, "अन् मी काहून नाई इचारलं?" ती खूप रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

तार कापायला पक्कड लावली आणि दोन मिनिटांत तुटली. तोटी मात्र हट्टी निघाली. रॉकेल सोडून तास थांबले, मग फिरली. काका, सव्वीस वर्षांच्या त्या एवढ्याशा तारेला गंजसुद्धा नीट चढला नव्हता. ती मी या पाकिटात घातली आहे. तुम्हाला टोचावी म्हणून घातली, असं सुरुवातीला मनात होतं. आता का पाठवते आहे, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुम्ही ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या राखीवहिनींना आईजवळ बसवलं आणि बेडकी काढली. दुकानातून नवी मेणबत्ती आणली होती. ती डाव्या बाजूच्या थरांवर, आईचे पाय जिथं आले असते तिथं, थोडं मेण सांडून उभी केली. जऊळक्याच्या स्टेशनाबाहेर थांबले आणि वाकून बघितलं. तिथं बघण्यासारखं दुसरं काही नाही, काका. एक लिंबाचं झाड आहे आणि चहाची टपरी. बाबा सव्वीस वर्षं तिथं येऊन एवढंच बघत होते.

आईनं नंतर तुमची चौकशी केली. "मिस्त्रीले सून बरी वागवते ना? त्याले बिचाऱ्याले ऐकू बी येत नाई," म्हणाली. तिच्या मनात तुमच्याबद्दल काही उरलं नव्हतं. माझ्या मनात अजून आहे. ते खोटं कशाला लिहू? तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं असतंत तर ती त्या गाडीत बसून जऊळक्याला गेली असती. मनातला हा राग जाईल तेव्हा मी तुम्हाला भेटायला नाशिकला येईन. बेडकीतूनच येईन, आणि तुम्हाला डावीकडं बसवीन.

आता एक सांगायचं राहिलं. जऊळक्याहून परत आले तेव्हा आई जागी होती. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मी मेणबत्ती तिच्या हातात दिली. तिनं ती दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली. पुन्हा खालून वरपर्यंत चाचपली.

"सरळ हाय," ती म्हणाली.

मग ती छातीवर आडवी ठेवून, माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं हळूच म्हणाली, "सांगायचं तरी होतं ओ. वाकडी असती तरी बसली असती मी."

तुमची,
रूपाली